माझ्या नावावर खपलेली पुडी

मी गाळणी बोलतेय. चहाची नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक लगेच माझ्यात चोथा शोधायला लागतात. माझी लांबी हातभर, अंग काचेसारखं आरपार दिसणारं, आणि पोटात शेकडो पांढऱ्या पोकळ दोऱ्या, एकीला एक लागून. त्या दोऱ्यांच्या भिंतींना छिद्रं आहेत. ती इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, आहेत यावर विश्वास ठेवावा लागतो. आणि विश्वास म्हटला की घोळ आलाच.

जिथे माझा जन्म झाला त्या कारखान्यात एक बाई प्रत्येक गाळणीला पाण्यात बुडवून आतून हवा सोडायची. बुडबुडा आला की गाळणी बाद. माझ्यातून बुडबुडा आला नाही. तिने मला अंगठ्याने थोपटलं आणि खोक्यात ठेवलं. माझ्या चांगुलपणाची खात्री करून घेणारी ती पहिली बाई. पुढे दुसरीही भेटली, पण तिने ती गोष्ट पोटात ठेवली. आता ते सांगते.

मला ज्या ठिकाणी आणलं तिथे औषधं तयार व्हायची. खोल्या पांढऱ्या, हवासुद्धा गाळून आत घेतलेली, आणि माणसं डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली. फक्त डोळे उघडे. दोन खोल्यांच्या मध्ये एक काचेची खिडकी होती. खिडकीच्या त्या बाजूला पेशी वाढवायचे, या बाजूला आम्ही गाळायचो. त्या बाजूच्या माणसाला सगळे माळी म्हणत, कारण तो टाकीतल्या पेशींना झाडांसारखं जपायचा, त्यांच्याशी बोलायचासुद्धा. या बाजूला होती गाळणीबाई. हे नाव तिला माझ्यामुळे पडलं, आणि ती ते मिरवायची. दोघं नवरा-बायको होती.

आता कामाचं थोडं सांगायला हवं. पेशी आपल्या अंगातून इवल्या इवल्या पिशव्या बाहेर टाकतात, आणि त्या पिशव्यांत शेजारच्या पेशींसाठी निरोप असतात. इथे जखम झाली आहे, इथे कातडी धरायला लागा, असे. पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात. आमच्याकडे कुणी तसं म्हणत नसे. आमच्याकडे त्या पुड्या.

मग काय, चेष्टेला तोटा नव्हता. माळी खिडकीतून सांगायचा, "आज माझ्या पेशी काय पुड्या सोडताहेत म्हणून सांगू!"

"मालकावर गेल्यात," गाळणीबाई म्हणायची.

मास्कच्या वर तिचे डोळे बारीक व्हायचे. हसत असली की तसेच व्हायचे. तो तिकडून ते बघायचा आणि खूश होऊन टाकीकडे वळायचा.

माझ्या आधी पुड्या वेगळ्या करायचं काम एक फिरकी करत असे. कपाटाएवढं धूड, नळ्या पोटात घालून इतक्या वेगाने फिरायचं की पुड्या नळीच्या तळाला जाऊन बसायच्या. बसायच्या म्हणजे चेपून, एकमेकींना चिकटून, काही फुटून. दिवसभर घरघर करून निघायचं काय, तर चमचाभर. प्रयोगाला तेवढं पुरतं. औषधाला कसं पुरणार?

एकदा भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. ज्यांच्या जखमा कशानेच भरत नाहीत अशा मोजक्या रुग्णांवर त्या हे औषध वापरून बघत होत्या, आणि काहींची कातडी धरू लागली होती. त्यांनी आमची बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "माझा वॉर्ड भरलेला आहे हो. आज कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे मी कसं ठरवू?"

गाळणीबाई त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर तिने मला खोक्यातून बाहेर काढलं.

तिचं म्हणणं साधं होतं. चहाची गाळणी समोरून अडवते, म्हणून तिच्यात गाळ साचतो. माझ्यात रस, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पाणी, दोऱ्यांच्या आतून लांबच्या लांब धावतो. धावता धावता पाणी, मीठ आणि बारीकसारीक ऐवज कडेच्या छिद्रांतून बाहेर पडतो. पुड्या मात्र आत राहतात, फिरून फिरून येतात आणि दाट होत जातात. कुणी कुणाला चेपत नाही. आणि काम वाढलं तर मला मोठं करायला नको, माझ्या शेजारी माझ्यासारख्याच बहिणी बसवायच्या. फिरकी कितीही मोठी केली तरी एका नळीत मावेल तेवढंच, पण बहिणी कितीही वाढवता येतात.

साहेबांना हे पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले. साहेब वाईट नव्हते, पण त्यांचा फिरकीवर जीव होता. ती त्यांनीच आणली होती आणि ती आवाज करायची. आवाज करणाऱ्या गोष्टी काम करताहेत असं माणसांना वाटतं. मी गुपचूप काम करते, त्यामुळे माझ्याकडे बघून साहेब नेहमी विचारायचे, "ही चालू आहे ना?"

ती मात्र माझ्याजवळ उभी राहायची. दाबाच्या काट्यावर एक डोळा, पंपाच्या आवाजाकडे एक कान. कडेची तोटी उघडायची ती अगदी सावकाश. नवख्यांना सांगायची, "घाई केलीत की हिच्या भिंतीला साय धरते. मग छिद्रं कितीही चांगली असोत, सायीतून काय जाणार?" छोट्या टाक्या आम्ही दोघींनी मिळून कितीतरी गाळल्या. त्या पुड्या फिरकीच्या पुड्यांपेक्षा चांगल्या निघाल्या, अखंड आणि सुट्या. साहेब शेवटी म्हणाले, "ठीक आहे. मोठी टाकी एकदा गाळून दाखवा. जमलं तर फिरकी बंद. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

हा झाला तिच्यासमोरचा डाव. जिंकली तर डॉक्टरीणबाईंचा वॉर्ड. हरली तर पुन्हा चमचाभर.

मोठ्या टाकीची जबाबदारी माळ्याची. त्याची परिस्थिती तेव्हा नाजूक होती. आदल्या हंगामात त्याच्या टाकीत बुरशी शिरली होती आणि सगळा रस ओतून द्यावा लागला होता. दोष त्याचा होता की कुठल्या फटीचा, हे कळलंच नाही. पण साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुमच्या खोलीतून आणखी एक टाकी वाया गेली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. त्या दिवसापासून तो टाकीशी बोलेनासा झाला होता.

रस काढायचा दिवस आला. आमच्याकडे त्यासाठी दोन दिवसांची मुभा असे, आज काढा किंवा उद्या काढा, दोन्ही नियमात. माझ्या बहिणी माझ्या शेजारी ओळीने बसवलेल्या, धुतलेल्या, तयार. गाळणीबाईने खिडकीवर टकटक केलं.

"काढतोस ना आज?"

"एक दिवस थांबू या का?" तो म्हणाला. "आज आकडा बेताचाच आहे. उद्यापर्यंत पुड्या भरपूर वाढतील. साहेब आकडाच बघणार."

"आकडा नको रे मला. रस चांगला हवा."

"अगं, तुझ्यासाठीच सांगतोय. एवढी सगळी तयारी केलीस, तर घसघशीत काहीतरी निघू दे."

त्याने हे खरोखर तिच्यासाठीच केलं. तिलाही ते कळलं. मास्कच्या वर तिचे डोळे बारीक झाले आणि ती म्हणाली, "बरं, उद्या."

त्या एका "बरं"बद्दल मला आजही हळहळ वाटते. मला तोंड असतं तर मी मध्ये पडले असते.

दुसऱ्या दिवशी रस आला. पहिल्या घोटालाच मला कळलं. तो माझ्यात धावेना, ओढत ओढत येऊ लागला. रात्रभरात टाकीतल्या थकलेल्या पेशी मरून फुटल्या होत्या आणि त्यांच्या पोटातले लांबच लांब चिकट धागे रसात पसरले होते. हे धागे तोडायला एक औषध घालतात, तेही घातलं होतं, नेहमीच्या मापाने. पण धागे नेहमीच्या मापाचे नव्हते. माझ्या भिंतींना ते चिकटले, त्यांच्यात पुड्या अडकल्या, वरून साय धरली. काटा चढायला लागला. माझ्या बहिणींचंही तेच. एकीने धीर सोडला की दुसरीवर भार यायचा, मग तिचंही अवसान जायचं.

गाळणीबाईने पंप हळू केला. तोटी बंद केली, पुन्हा उघडली, उलटं पाणी फिरवून बघितलं. काही उपयोग झाला नाही. मग तिने नळीतून थोडा रस काढला, हातमोज्यातल्या दोन बोटांमध्ये धरला आणि बोटं हळूच वेगळी केली. रसाने तार धरली. पाक तार धरतो ना, तशी. ती त्या तारेकडे बघत उभी राहिली. मग तिने खिडकीकडे पाठ केली आणि हातमोजे काढून टाकले.

काचेपलीकडून माळी विचारत होता, "काय गं? काय झालं?"

ती वळली नाही.

मोठी टाकी वाया गेली. दुसऱ्या दिवशी बैठक झाली आणि मला टेबलावर ठेवलं, पुरावा म्हणून. बैठकीत मास्क नसतात. इतके दिवस मी ज्यांचे फक्त डोळे बघत आले त्यांचे पूर्ण चेहरे मी तेव्हा बघितले. माळ्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. तो काहीतरी बोलायच्या बेतात होता, दोनदा त्याने घसा साफ केला.

साहेबांनी विचारलं, "रस एक दिवस जास्त राहिला होता. त्याचा काही संबंध?"

"नाही," गाळणीबाई म्हणाली. "रस चांगला होता."

"मग?"

"गाळण्यांत दोष होता. छिद्रं सारखी नव्हती."

"सगळ्यांच्या? एकदम?"

"एकाच वेळी बनलेल्या होत्या, साहेब."

आयुष्यात तिने सोडलेली ती पहिली पुडी. ती इतक्या सरळ चेहऱ्याने सोडली की मलासुद्धा क्षणभर शंका आली, माझी छिद्रं खरंच सारखी आहेत ना?

माळ्याने श्वास सोडला. त्याचा जीव भांड्यात पडलेला मी समोरून बघितला. त्याने खोटेपणा केला असं मी म्हणणार नाही. गाळण्यांतलं तिला कळतं, आपल्याला काय कळतं, असं त्याने स्वतःला सांगितलं असेल. त्याला विश्वास ठेवायचा होता, आणि ठेवण्यासारखी गोष्ट समोर आयती आली.

आणि तिने काय हिशेब केला असेल? वस्तूवर ढकललं की माणूस वाचतो. गाळणीला कुठे नोकरी असते, गाळणीची कुठे बदनामी होते! खापर माझ्या डोक्यावर फुटलं, माळी वाचला. फक्त ज्या गाळणीवर तिने खापर फोडलं त्या गाळणीतच तिची इतक्या वर्षांची मेहनत होती. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनच तिने केलं, म्हणून मला तिचा राग येत नाही. वाईट मात्र वाटतं.

साहेब म्हणाले, "मग आपली फिरकीच बरी."

मला कापून आत बघू या, असं कुणीतरी सुचवलं. ती घाईने म्हणाली, "नको. शिकवायला ठेवू. चोंदलेली गाळणी कशी दिसते ते नवीन लोकांना दाखवता येईल." बहिणींना टाकून दिलं. फळीवर ठेवण्याआधी वरवर धुते म्हणून मला ती स्वतः घेऊन गेली.

त्या दिवशी ती खोलीत एकटी होती. तिने माझ्यातून कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी फिरवलं आणि बराच वेळ फिरू दिलं. धागे सुटले, साय सुटली. मग तिने साधं स्वच्छ पाणी सोडलं. ते माझ्यातून असं धावलं की जणू मी कालच खोक्यातून बाहेर आले. काटा जागचा हलला नाही. माझ्यात तिळभर दोष नव्हता. तिने पंप बंद केला, स्टूल ओढलं आणि बसून राहिली. मग ओल्या हाताने तिने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माफ कर गं."

मी कधीच माफ केलं होतं. पण सांगणार कसं?

मग मी शिकवायच्या खोलीत फळीवर आले. गाळणीबाईची बदली खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायच्या विभागात झाली. तिथे तिला त्या नावाने कुणी हाक मारेना. फिरकी घरघरत राहिली, चमचाभर देत राहिली. डॉक्टरीणबाईंचा फोन पूर्वी वरचेवर यायचा, तो कमी झाला, मग थांबला. पुढे चमचाभर औषधासाठी एवढा खर्च परवडत नाही म्हणून कंपनीने ते कामच बंद केलं. ही बातमी मला माळ्याकडूनच कळली, कारण दुपारी ती दोघं डबा खायला माझ्याच खोलीत यायची. खोली रिकामी असायची.

"जाऊ दे," तो तिची समजूत घालायचा. "तू तुझ्याकडून सगळं केलंस. गाळणीनेच दगा दिला त्याला तू काय करणार?"

"हं," ती म्हणायची.

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत. भाजी घे अजून."

हे संवाद मी किती ऐकले! दरवेळी मला वाटायचं, आज तो विचारेल. सगळ्या गाळण्या एकदम कशा बिघडल्या, एवढा एकच प्रश्न. साहेबांना सुचला तो नवऱ्याला सुचू नये? पण मनाला सोयीचं असेल तिथे माणूस प्रश्न विचारत नाही, डबा झाकून उठतो.

माळी नवीन लोकांना शिकवायलाही त्याच खोलीत यायचा. मला हातात घ्यायचा, उलटीसुलटी करायचा. "ही बघा. दिसायला देखणी, आतून फसवी." लोक माना डोलवायचे. मी फसवी! आता काय बोलावं.

परवा त्याच्या मनात आलं की नुसतं सांगण्यापेक्षा दाखवावं. शिकणाऱ्यांपुढे त्याने मला पंपाला जोडलं. "आता बघा," तो म्हणाला, "मी पाणी सोडतो. काटा वर जाईल आणि कडेने थेंबसुद्धा येणार नाही." कडेच्या तोटीला नळी लावायची तसदीही त्याने घेतली नाही. येणारच नव्हतं ना काही.

त्याने पंप चालू केला. पाणी कडेच्या तोटीतून जे उसळलं ते सरळ त्याच्या शर्टावर, बुटांवर, टेबलावर. लोक हसले. एकाने धावत जाऊन पंप बंद केला. माळी तसाच निथळत उभा. आधी तोही हसत होता. मग त्याने काट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. जन्मभर पेशी वाढवलेला माणूस तो, चांगल्या गाळणीला काय चोंदवतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. हसू हळूहळू ओसरलं. "आज एवढंच पुरे," तो लोकांना म्हणाला.

दुपारी ती डबा घेऊन आली. मी अजून पंपाला जोडलेलीच होते, खाली पाण्याचं थारोळं. तिने ते बघितलं आणि दारातच थांबली.

"पाणी जातंय हिच्यातून," तो म्हणाला.

"हो."

"सगळं जातंय."

"जाणारच. चांगली आहे ती."

तो खुर्चीवर बसला. "म्हणजे रस खराब होता."

"तार धरत होता. माझ्या हाताला कळलं."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुझी नोकरी गेली असती."

"आणि तुझं काय गेलं?" त्याचा आवाज फुटला. "इतकी वर्षं मी इथे बसून तुझीच समजूत घालत होतो गं."

"हो," ती म्हणाली. "छान घालायचास."

तिने हे टोचून म्हटलं नाही. टोचून म्हटलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तिने कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि खाली बसून पाणी पुसायला लागली. तो म्हणाला, राहू दे, मी पुसतो. ती पुसतच राहिली.

"मला वाटायचं, तू कधीतरी विचारशील," ती फरशीकडे बघत म्हणाली. "एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

"मी आज जातो साहेबांकडे. सगळं सांगतो."

तो गेलाही. लगेच परत आला. जुने साहेब केव्हाच निवृत्त झाले होते, नवीन साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी विचारलं आणि म्हणाले, "कुठली गाळणी?"

तो हे सांगत होता तेव्हा ती डबा आवरत होती. दोघंही जेवली नव्हती. दुसरीकडे आता अशाच गाळण्या ओळीने लावून मोठमोठ्या टाक्या गाळतात, असं मी शिकणाऱ्यांच्या बोलण्यात ऐकलं आहे. म्हणजे तिचं बरोबर होतं. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

"मी पुन्हा सांगेन," तो म्हणाला. "लिहून देईन. रस माझा खराब होता, गाळणीत काही नव्हतं. तुझं नाव तरी धुऊन निघेल."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"माझं नाव राहू दे रे," ती म्हणाली. "त्या वॉर्डातल्यांना काय सांगशील?"

त्याने डबा तिच्या हातातून घेतला. दोघं उठून गेली, दिवा चालूच राहिला.

आता मला इथून हलवणार आहेत. फसवी म्हणून दाखवायला मी कामाची उरले नाही, आणि चांगली म्हणून वापरायला फार जुनी झाले. जिथे बहिणी गेल्या तिथे मीही जाईन, त्याची मला खंत नाही. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात, कामावर काही बिनसलं आणि कुणी तुमच्यासाठी एखाद्या मुक्या वस्तूवर खापर फोडलं, तर सुटलो म्हणून श्वास सोडू नका. त्या माणसाला तिथल्या तिथे विचारा. उशिरा विचारलं तरी उत्तर खरं मिळतं, पण ते ज्यांच्या उपयोगाचं होतं ती माणसं तोवर वाट बघून गेलेली असतात.